आईच्या हातून काही घडले नव्हते

आई,

अबोल जिवाची हाकही ज्याला ऐकू येते, त्या कृपाळूला आधी नमस्कार करतो आणि मग तुझ्या धाकट्याविषयी लिहायला घेतो.

त्या मोठ्या दुष्काळातले रस्त्याचे काम आठवते. तू खडी फोडते आहेस, मी घमेली उचलतो आहे, आणि बाभळीखाली धाकटा खडे ओळीने मांडतो आहे. हाक मारली तर मान वर करीत नाही. एक खडा हलला तर आकांत मांडतो. मुकादम हसून म्हणाला, "बाई, तुमचं पोरगं आमच्यापेक्षा सरळ रस्ता करून राहिलंय." काकू फणकारली, "पोटुशी असताना गिराणात इळीनं भाजी चिरली हिनं, म्हून असं निपजलं." तू हातोडा न थांबवता विचारलेस, "आन् गिराण सुटल्यावर पैलं ताट कोणी वढलं व्हतं, जाऊबाई?" सारे हसले. तू मात्र त्याच वर्षी माहूरचा गड अनवाणी चढलीस.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला, मोठे डॉक्टर आले. एकाने धाकट्याकडे धड पाहिलेही नाही, तुलाच विचारले, "लहानपणी याला जवळ घेत नव्हतात का?" परतीच्या एसटीत तू म्हणालीस, "तू पोथ्या वाचतूस. सांग बरं, माह्याच हातानं झालं का रे?" प्रारब्धाविषयी मी पुष्कळ वाचले होते, तुझ्या ओंजळीत ठेवावे असे त्यात काही सापडले नाही. तो प्रश्न घेऊनच तू गेलीस.

परवा नांदेडला माझ्या नातवाला दाखवले; तोही धाकट्यासारखाच. डॉक्टरीणबाई त्याच्यासोबत जमिनीवर बसल्या. तो कसा खेळतो, हाकेला वळतो का, बोटाने काही दाखवतो का, हे निरखत राहिल्या. सुनेला त्याचे तान्हेपण खोदून खोदून विचारले. रक्ताच्या तपासणीत हे कळत नाही म्हणाल्या. मग नाव सांगितले: स्वमग्नता. सून खाली मान घालून बसली होती. मी कारण विचारले.

"आजोबा, ही मेंदूची घडणच वेगळी असते, जन्माआधीपासूनची. बरंचसं वंशातून येतं. एकच एक कारण सांगता येत नाही. पण लोक म्हणतात तसं ग्रहणानं होत नाही, आणि आईची माया कमी पडल्यानं तर नाहीच नाही."

सुनेने मान वर केली. मी पुन्हा विचारले, "नक्की ना?" त्या हसल्या. "नक्की, आजोबा."

हे पत्र कुठे धाडणार? एवढेच कबूल करतो: पहिल्यांदा विचारले ते सुनेसाठी, दुसऱ्यांदा तुझ्यासाठी.

हे ज्यांच्या दृष्टीस पडेल, त्यांच्या घरची लेकरे सुखी असोत, आणि त्यांच्या माता निर्भय असोत.

तुझा थोरला