निळ्या कॅनमधलं खत

प्रिय योगिताताई,

मेथीला हात लावू नको. रविवारी बाळाच्या बारशाला तीच भाजी करणार म्हणालीस, ती करू नको. मागं ‘आई पडली’ अशी खोटी तार ठोकून तुला सुरतला पळवत आणलं तो मीच, म्हणून तू हे वाचून हसशील. तर पहिल्यापासून ऐक.

आमच्या पांडेसऱ्याच्या मिलमध्ये एक पंडित साहेब आलेत, शिकलेले. मुतारीखाली ड्रम लावून सगळ्या कामगारांचं मूत गोळा करतात. मग पंपानं एका बारीक जाळीतून दाबतात, तिला मेम्ब्रेन म्हणतात. पाणी पलीकडं निघून जातं, खार अलीकडं राहतो. दहा ड्रमांचा एक कॅन, युरियाचा बाप. वास असा की आमच्या खात्यातला सुकदेव नाकात कापूर घालून फिरतो.

माझे हात शिवशिवले. रंगखात्यात बायक्रोमेट असतं, रंग पक्का करायला. पाण्यात कालवलं की थेट तसंच पिवळं. दोन डबे दिले ड्रमात ओतून. साहेब रंग बघून घाबरले, कुणाला तरी कावीळ झाली म्हणाले, सगळ्या खात्याचे डोळे तपासले. आम्ही पोट धरून हसलो.

काल साहेबांनी तेच खत घातलेल्या झेंडूच्या कुंड्या दाखवल्या. पानं जळालेली, मुळं काळी. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “ह्या जाळीला खत आणि विष सारखंच. जे टाकाल ते दाट करून देते.” बायक्रोमेट विष असतं हे मला तेव्हा कळलं. खोलीवर आलो तर तुझं पत्र. शेळीनं मेथीच्या वाफ्यात तोंड घातलं, दोन दिवस उठली नाही, दाजी म्हणतात ऊन लागलं.

ताई, ऊन नाही. महिन्यापूर्वी मी आणला तो निळा कॅन त्याच ड्रमाचा. साहेबांनी बाहेर न्यायला मनाई केली होती. तुझं युरियाचं पोतं वाचावं म्हणून मी चोरला. आणि वाफ्याला लागून तुमची विहीर आहे. तू ते पाणी पितेस, बाळ तुझं दूध पितं. सकाळी साहेबांना सगळं सांगितलं, आता मला गेटवर बसवून ठेवलंय. सुकदेव दुपारच्या गाडीनं हे पत्र घेऊन निघतोय. खाली साहेबांची सही आहे. माझ्यावर नको, तिच्यावर विश्वास ठेव. घरातला पाण्याचा हंडा आधी ओतून दे, मग रड.

तुझाच खोटारडा,
ललित