समुद्राकडची खोली

आई, कॉन्व्हेंटमध्ये दर रविवारी पत्र लिहायला बसवायचे, तेव्हाही मी तुला "इथे सगळं ठीक आहे" यापलीकडे काही कळवत नसे. तू गेल्यावर तर लिहायचा प्रश्नच उरला नाही. आज लिहिते आहे, कारण मला लाज वाटते आहे आणि ती सांगायला दुसरं कुणी नाही.

वादळाने दिवेआगरच्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. त्यानंतर काही मंडळी गावात आली. स्वतःला सामाजिक उद्योग म्हणवतात. धंदाच करतात, पण मिळकत गावातल्या बायकांच्या हाती राहावी म्हणून. घरातली एक खोली पर्यटकांसाठी नीट करून देतात, पाहुणे पाठवतात, रांधणं-वाढणं घरची बाई करते. यातून गावाचं खरोखर भलं झालं का, हे तपासायला त्यांना बाहेरचं माणूस हवं होतं. मी निवृत्त, जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेली, त्यात मूळची गावची. लगेच हो म्हटलं. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायला मला किती आवडतं, हे तुला सांगायला नको.

मी एकेका घरी राहिले. ऑफिसात बोलावलं की बायका गप्प होतात, पानावर बसून विचारलं की बोलतात, असं मी विद्यार्थ्यांना शिकवत असे. बोलल्याही. "त्रास कसला ताई, घर भरल्यासारखं वाटतं." "बरं चाललंय. अजून एक मोदक घ्या ना." मी मोदक घेतला आणि उत्तर टिपून ठेवलं. काकूंच्या घरी, तुझ्या त्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या घरी, मला समुद्राकडची खोली दिली. काकू कुठे आहेत म्हणून विचारलं, तर सून म्हणाली, "वन्संकडे गेल्यात, म्हसळ्याला," आणि पानात आमटी वाढली. मी त्या खोलीचं, तिथल्या वाऱ्याचं अहवालात भरभरून कौतुक केलं.

पुढे कामासाठी म्हसळ्याला गेले तेव्हा काकूंना भेटून यावं म्हटलं. पाहते तर लेकीच्या दोन खोल्यांच्या घरात, येण्याजाण्याच्या वाटेवर टाकलेल्या खाटेवर काकू बसल्या आहेत. "सीझन संपला की नेतो म्हणालेत," त्या सांगतात. "पण आता सीझन संपतच नाय गो. मला खोकला ना, पाहुण्यांची झोपमोड होते." मग माझा हात धरून विचारतात, "माझ्या खोलीत निजलीस ना तू? झोप लागली ना नीट?"

मी तशीच गाडी करून दिवेआगर गाठलं आणि सुनेवर तोंड सोडलं. म्हातारीला घराबाहेर काढता, लाज नाही वाटत, वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्याकडे जेवत होतात. आमटी वाढताना सांगू, सासूच्या खाटेवर तुम्हाला निजवलंय म्हणून? वादळात छप्पर गेलं, ते या खोलीच्या जिवावर घातलं आम्ही. दुसरी खोली आहे कुठे?"

तेव्हा मला सुट्टीतला तो दुपारचा प्रसंग आठवला. तुझ्या माहेराहून आजोबा गेल्याची तार आली आणि ओटीवर वडिलांचे पाहुणे जेवायला बसलेले. तू तार कमरेला खोचलीस, भात वाढलास, ताक वाढलंस, "सावकाश होऊ दे" म्हणालीस. पाहुणे विडा खाऊन फाटकाबाहेर पडले तेव्हा कुठे तू मागच्या पडवीत जाऊन रडलीस. नव्याने शिकलेल्या खरेपणाच्या तोऱ्यात मी तुला म्हटलं, हा सगळा खोटेपणा आहे. तू डोळे पुसत फटकारलंस, "जेवत्या माणसाला सांगतात होय असलं? शिकवतात तरी काय तुला तिथे?" म्हणजे मला ठाऊक होतं, आई. आपल्याकडची बाई पाहुण्याला काय सांगत नाही, हे तुझ्यामुळे ठाऊक असूनही मी गावभर पाहुणी होऊन प्रश्न विचारत फिरले.

मंडळींना मी जळजळीत पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर फार नम्र होतं. "मॅडम, तुमचा मुद्दा मान्य. घरच्या माणसाला हलवलेलं घर आम्ही यापुढे योजनेत ठेवणार नाही." आणि त्यांनी ते घर योजनेतून काढून टाकलं. काकू आपल्या खोलीत परत आल्या. सून आता दुसऱ्यांच्या वाडीवर सुपारी सोलायला जाते. मागच्या अंगणात आणखी एक खोली सहज उठली असती, जागा मी डोळ्यांनी पाहिली होती. पण मला त्यांना झाडायचं होतं. खोली बांधून द्या, हे एक वाक्य माझ्या पत्रात नव्हतं. नंतर मी ते कळवलं, तर पुढच्या टप्प्यात विचार करू म्हणाले.

आता फेरतपासणीला मलाच बोलावलं आहे. ते वाक्य या वेळी सगळ्यात वर लिहीन. हे पत्र कुठे टाकायचं? काकूंना वाचून दाखवता येईल, पण त्या आधी मला जेवायला बसवतील. मी समुद्रकाठच्या हॉटेलात खोली घेतली आहे. मंडळींना सांगितलं, पाहुणचार घेऊन तपासणी करणं योग्य नव्हे. ते खरंच आहे. पण खोली घेतली ती सुनेच्या दारावरून जावं लागू नये म्हणून.