ताईचा पासष्ट इंची

२ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो की आपलं भांडण होतं, म्हणून लिहितेय. परवा तू चहा टाकायला आत गेलीस, तेव्हा मी पर्समधली टेप काढून तुझा टीव्ही मोजला. शिवणकाम करणारीची खोड, दुसरं काय! रुंदी अठ्ठेचाळीस इंच भरली, आणि तू जगाला पंचावन्न सांगत फिरतेस. लहानपणी उंचीही अशीच फुगवून सांगायचीस.

आई फोनवर तासभर त्या टीव्हीचंच सांगते. हो, दुखतं माझ्या पोटात. तीन वर्षं ती तुझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात माझ्याकडे आली की परत पाठवणार नाही. मी पासष्ट इंची घेतेय.

लोभ आहेच, पण मापात राहा.

तुझी ताई

७ जून

ति. ताईस सा. न. वि. वि.

अगं, टीव्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. तुझ्यासारख्या तिरक्या बाईला हे कळायला हवं होतं! तुझ्या पलंगापासून भिंत जेमतेम पाच फुटांवर. तिथे त्रेचाळीस पुरे. पासष्ट म्हणजे नाकापेक्षा मोती जड, आणि मान दुखेल ती आईची.

शिवाय तिला ठेवून घ्यायचं परस्पर ठरवू नकोस. तिची खोली इथे आहे.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

धाकटी

१९ जुलै

चि. धाकटीस आशीर्वाद.

तू त्रेचाळीस म्हणालीस म्हणून तर मी हट्टाने पासष्टच आणला. वाटलं, माझा मोठा झालेला हिला बघवत नाही. जागा होईना, म्हणून शिलाई मशीन बाहेर व्हरांड्यात काढलं.

आईने पहिल्या दिवशी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून बसली. तिसऱ्या दिवशी मशीन कुठे गेलं म्हणाली. ती म्हणे माझ्याशेजारी बसून काजं-बटणं करायला आली होती. तुझ्याकडे हाताला काही काम नसतं, म्हणून टीव्ही बघते आणि मला त्याचंच सांगते. मला इतका राग आला की नको ते बोलले. पाचव्या दिवशी तिने बॅग भरली.

आता टीव्ही विकलाय, मशीन जागेवर आलंय. चाळीस शर्टांची बटणं बाकी आहेत, असं तिला सांग. एवढं कर गं माझ्यासाठी.

ताई

२ ऑगस्ट

ति. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. मी आईला सांगितलं नाही. उलट यांच्या धडधाकट शर्टांची बटणं कात्रीने कापली आणि तुटली म्हणून तिच्यापुढे ठेवली. तुझ्याकडे आहे ते माझ्याकडेही असावं, एवढंच डोक्यात होतं. ती खुशीत लावत बसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आज चौथ्या शर्टाचा दोरा तिने उजेडात धरला. हे तुटलेलं नाही, कापलेलं आहे, म्हणाली. मग सुईत दोरा ओवता ओवता तिने विचारलं, की ताईचं पत्र कधी आलं.

शनिवारी तिला आणून सोडते. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

धाकटी