एक आड एक तार

मंगळवार, ८ जुलै

आज माझ्या वर्गातली खुंटी गेली! छत्रीची हक्काची जागा. तिथे संगणकवाल्या प्रविणने वायफायचा पांढरा डबा ठोकला. पूर्वसूचना नाही, शांतिपाठ नाही. छत्री आता खुर्चीवर बसते, मी उभा.

डबा माझ्याच भल्यासाठी आहे म्हणे. इथे आंधळगावात संस्कृतचे विद्यार्थी चार, एकोडीच्या शाखेत पाच. दोन्हीकडचा मिळून पडद्यावर एकच वर्ग. पुढच्या शुक्रवारी संस्थेचे सचिव भय्याजी पाहायला येणार. फोनवर स्पष्टच म्हणाले— "गुरुजी, आवाज बराबर आला त संस्कृत राहील. नाही त पोरायले इतिहास देऊन टाकू."

गुरुवार, १० जुलै

एकोडीचा आवाज म्हणजे ओला कापूस. प्रविणला म्हटलं, तुझी तार सदोष आहे. "नवीकोरी हाय ना जी, सर!"

तेवढ्यात ढग गडगडले आणि पडदाच गेला. कार्यालयात जाऊन पाहतो तर शिपाई केवळराम हातात प्लग घेऊन उभा. ढग वाजले की सगळे प्लग काढायचे— हा त्याचा कुलाचार! त्यात डब्यांच्या तारा जिथे जुळतात त्या पेटीचा, स्विचचाही प्लग गेला. माझ्यासह ओळीतल्या तिन्ही वर्गांचे डबे त्याच स्विचवर, आणि डब्यांना वीजही त्याच तारेतून. तिन्ही ठार.

"जळला असता त तुमी भरून देल्ला असता का?" वर मलाच प्रश्न.

शनिवार, १२ जुलै

प्रविणने कागदावर नवी आखणी केली. एक स्विच कार्यालयात, दुसरा ग्रंथालयात. एका वर्गाची तार याला, शेजारच्याची त्याला. एक स्विच बंद पडला तरी शेजारचा डबा भिंतीपलीकडून सांभाळून घेतो.

मी म्हटलं, अरे, हे तर छंदःशास्त्र! लघु, गुरू, लघु, गुरू—

"सर, छंद मंग सांगा. आधी शिडी धरा, मी हालून राहिलो."

धरली.

सोमवार, १४ जुलै

केवळरामच्या हस्ते प्लग काढण्याचा सोहळा. आकाश निरभ्र, त्यामुळे त्याचं मन लागेना. "ढग नाही, काही नाही, कायले काढू?" शेवटी काढला. चित्र क्षणभर अडखळलं, शेजारच्या डब्यावर गेलं— चालू! आवाज मात्र अजून कापूसच. आता स्पीकर बदल म्हटलं. "बदलतो," प्रविण म्हणाला. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

शुक्रवार, १८ जुलै

भय्याजी आले. नवा स्पीकर. एकोडीच्या रीनाने श्लोक म्हटला. भय्याजी खूश— "वा गुरुजी! पोरगी इथंच बसून हाये असं वाटते." मी पडद्याकडे पाहून "उत्तम" म्हटलं. वर्ग राहिला!

शनिवार, १९ जुलै

दोष तारेत नव्हता. रीनाचा श्लोक सगळ्यांनी ऐकला. मी तिच्या ओठांवरून ओळखला. तिचं चुकलं असतं, तर मला कळलं नसतं. माझे कान जात आहेत. घरी बायकोलाही सांगितलेलं नाही. भीती वाटते.