बिनविरोध नमुना

ती. दत्तोबामामांना स्वरूपाचा वाकून नमस्कार (तुमची कंबर अजून धरलेली असेल तर आशीर्वाद बसूनच द्या). सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर, म्हणून पत्र.

इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. मामा, माझा एम.ए.चा प्रबंध पार गाळात रुतलाय. विषय साधा होता: घरातली खरेदी कोण ठरवतं. सगळ्या गावाला विचारणं जमत नाही, म्हणून थोडी घरं निवडायची; त्याला नमुना म्हणतात. निवड मर्जीनं नाही, चिठ्ठ्या टाकून करायची, म्हणजे प्रत्येक घराला सारखी संधी. हिला यादृच्छिक निवड म्हणतात (हा शब्द नीट म्हणायलाच माझं एक सत्र गेलं). मी देवळात घागर ठेवून सगळ्यांसमोर वीस चिठ्ठ्या काढल्या. इथंच माती खाल्ली.

संध्याकाळी हिंदुरावआबा दारात. सोसायटी, डेअरी, शाळा, जत्रा, आबांशिवाय गावात एक कमिटी नाही आणि नमुन्यात त्यांचं नाव नाही! मी समजावलं, संधी सगळ्यांना सारखी होती. ते म्हणाले, "मग आमच्या वाट्याची कुठं गेली?" खरं सांगते, पुस्तकात याचं उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नमुन्यासाठी दोन पॅनल उभी राहिली. सरपंच म्हणाले, उगाच शोभा नको, बिनविरोध करू. साखरबाईंची चिठ्ठी निघाली होती, त्यांनी आबांसाठी माघार घेतली. त्यांना पुढच्या संशोधनात घ्यायचं ठरलंय. नाराजांना स्वीकृत प्रतिसादक (म्हणजे उत्तरं देणारे) केलं. बैठकीचा भत्ता नाही म्हटल्यावर तरी चार जण गळतील असं वाटलं होतं. कुणी हललं नाही.

मुलाखत एकेकट्याची घ्यायची असते, एकाचं ऐकून दुसऱ्यानं सांगू नये म्हणून. हे सगळे सोसायटीच्या सतरंजीवर एकत्र बसले. खरेदी कोण ठरवतं? आबांनी मांडलं, दोघं मिळून. अनुमोदन झालं, सर्वानुमते मंजूर. घरात माणसं किती, याचाही ठराव झाला: पाच. (म्हस्कूतात्यांकडं अकरा आहेत. उरलेली त्यांनी गावासाठी सोडून दिली.)

माझ्या मार्गदर्शक मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, महिनाअखेर नवा नमुना आण, नाहीतर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर आप्पा कॉलेज बंद करणार, तसं सांगितलंय त्यांनी. मामा, भीतीनं जेवण जात नाही मला.

तुमची लाडकी,
स्वरूपा

ता.क. सोमवारी तुमच्या गावात चिठ्ठ्या टाकायला येतेय. परवा फोनवर जेवढं बोलले तेवढंही पोटात ठेवा.

ता.क. २. पत्र टाकायचं राहिलं आणि तेवढ्यात माझ्या मैत्रिणीनं, मनिषानं, तुमच्याकडच्या इंदापूरच्या चौकातल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. 'नमुन्यात बिनविरोध निवड झाल्याबद्दल दत्तोबांचे हार्दिक अभिनंदन.' अहो मामा, अजून घागरसुद्धा आणली नव्हती मी! रडत फोटो मॅडमना दाखवला, तर त्यांनी विषयच बदलून दिला: गाव नमुना कसा निवडून देतं. वर्ष वाचलं माझं! फक्त अभ्यासाला चुरस लागते आणि तुम्ही पडलात बिनविरोध. म्हणून मामींना विचारलं. त्या उभ्या राहतायत; फ्लेक्स तुमच्यापेक्षा मोठा सांगितलाय.