जाळीपलीकडचं साधं पाणी

११ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी आठ पिल्लं मेली. देवदत्तला बोलावलं – बहिणीचा मुलगा, जनावरांचा डॉक्टर होऊन जेमतेम वर्ष. त्यानं एक फाडून पाहिलं. "मावशी, गंबोरो." ते मलाही दिसत होतं! या विषाणूला औषध नाही म्हणाला, आणि लगेच पिशवीतून डबा काढला. आर्जिनिन – पाण्यातून द्यायचं अमिनो आम्ल. "प्रतिकारशक्ती वाढते." करोनापासून हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी. काढा विकणाराही तेच म्हणतो, डॉक्टरही तेच. वर कोंबडीला आर्जिनिन अंगात बनवता येत नाही, हे तो मला समजावतो! एक्क्याऐंशीला मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, तेव्हा याची आई परकर-पोलक्यात होती.

१२ फेब्रुवारी
शेडमध्ये मधोमध जाळी बांधली. उत्तरेकडच्या सातशे पिल्लांना पावडरचं पाणी, दक्षिणेकडच्या सातशेंना साधं. बघू या! पाणी घालणारी सिद्धम्मा म्हणते, "ह्यांनी काय पाप केलंय बाई?" प्रयोग म्हणजे काय हे तिला कोण सांगणार. गप्प बस म्हटलं.

१४ फेब्रुवारी
मर चालूच. दोन्हीकडे.

१६ फेब्रुवारी, रविवार
मर थांबली. उत्तरेकडे एकतीस गेली, दक्षिणेकडे तीस. झालं! रोग आपल्या पायानं आला, आपल्या पायानं गेला. देवदत्त फोनवर – "मावशी, एका शेडवरून असं ठरत नसतं." हरलेली माणसं असंच बोलतात.
मैंदर्गीहून गुरम्माचा फोन – तिचीही कोंबड्यांची शेड आहे. तिच्या पिल्लांनाही कालपासून तेच. त्याच पावडरचा डबा आणून ठेवलाय. "अक्का, तुमी शिकलेल्या. घालू का नको?" म्हटलं, उघडूसुद्धा नकोस. परत कर.

१८ फेब्रुवारी
जाळी सोडताना सिद्धम्मा हसत म्हणाली, "आता सांगते बाई. तुमी घरात गेला की मी पावडर दोनी बाजूला घालत होते. ती बी लेकरंच की."
कानशिलात द्यावीशी वाटली. सगळा प्रयोग मातीत! म्हणजे पावडर चालते की नाही, मला काहीच कळलेलं नाही. आणि गुरम्माला मी ठणकावून सांगून बसले. फोन हातात घेतला. काय सांगू – कामवालीनं मला फसवलं? सकाळी करीन.

१९ फेब्रुवारी
केला नाही.

२० फेब्रुवारी
मैंदर्गीला गेले. गुरम्माची निम्मी शेड रिकामी. डबा तिनं त्याच दिवशी परत केलेला. मला बघताच उठली – "बर्री अक्का, कुंदर्री!" – बसायला खुर्ची पुढे केली, आणि शेजारणीला म्हणाली, "ह्या अक्कांनी वेळेवर सांगितलं म्हणून डब्याचे पैसे तरी वाचले बघ."
मी चहा घेतला.