अंकलच्या दहा पट्ट्या

३ एप्रिल, सोमवार
ऊई साहेबांनी आज सरळच सांगितलं — धातूच्या दहा पट्ट्या खॉ अंकलनी हाताने फवारायच्या, दहा नव्या यंत्राने. ज्याचा सिरॅमिकचा थर जास्त व्होल्ट सोसेल, फवारणी त्याच्याकडे. अंकल हरले तर घरी! बावीस वर्षं फवारणीची बंदूक धरलेला माणूस. आणि निकाल माझ्या चाचणीच्या टेबलावर लागणार.

अंकल फवारताना डाव्या कानावरचं, आवाज अडवणारं झाकण सरकवतात. नियमात बसत नाही. "बंदुकीचा आवाज फाटला की थर पोकळ बसतो, सल्बिया." नुसत्या आवाजावरून थर ओळखणारा दुसरा कुणी मी पाहिला नाही.

४ एप्रिल
यंत्राच्या पट्ट्या झाल्या. व्होल्ट चढवत न्यायचे, टक्क आवाज होतो, थराला सुईएवढं काळं भोक पडतं. सरासरी सहा हजार शंभर. भरपूर आहे. अंकलसाठी घाबरले.

५ एप्रिल
अंकलच्या पहिल्या तिन्ही पट्ट्या साडेतीन हजारांतच फुटल्या!

अंकलनी चौथी उचलून जिभेला लावली. कोरडा थर जिभेला चिकटतो. ही चिकटली नाही. "दमट आहे, म्हणून फुटतायत. रात्री सुकायला भट्टीत नव्हती?"

"होती," म्हणाले मी.

नव्हती. काल संध्याकाळी पट्ट्या बाहेर काढून मी भट्टीत ईदची अननसाची बिस्किटं भाजली, आणि रोजा सोडायच्या घाईत पट्ट्या बाहेरच विसरले. वर खोटं बोलले. लाज वाटते.

६ एप्रिल
साहेबांना सगळं सांगितलं. लेखी ताकीद मिळाली. "बिस्किटं तरी जमली का?" — साहेब. उरलेल्या सात पट्ट्या पुन्हा भट्टीत.

अंकल म्हणाले, "भट्टीला अननसाचा वास येतोय, कालच कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत? तुमची नोकरी जात होती!"

"तुझं तू सांगशील म्हटलं."

७ एप्रिल
अंकलच्या सात पट्ट्यांची सरासरी सहा हजार आठशे! शेवटची पट्टी तर सात हजार नऊशेपर्यंत तगली. काय हात आहे! साहेबांनी सगळ्यांसमोर अंकलना मिठी मारली. मी रडले, रोज्यात पाणीही पिता येईना. अंकल नुसते हसत होते.

१० एप्रिल
अंकलनी राजीनामा दिला. डावा कान गेलाय, बंदूक नीट ऐकू येत नाही म्हणे. आणि आज कळलं, गेले तीन महिने दर शनिवारी येऊन त्या यंत्राला फवारायला अंकलच शिकवत होते.